साडूंचं बेट

समुद्र कधीही न पाहता समुद्रावर जायची इतकी जय्यत तयारी करून बसलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच सापडेल, आणि तो माझा साडू आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांची, धाकटी माझी. ते राहतात आंधळगावला, मोटरसायकलने वरठीच्या पोलाद कारखान्यात जातात, भट्टीशेजारी पाळी करतात आणि उरलेल्या वेळात अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर वावरतात. मोबाइलवर त्या बेटाचं हवामान कायम उघडलेलं असतं. मी लाखांदूरहून फोन करून आंधळगावात पाऊस आहे का विचारलं तर म्हणतात, "इथचं पाहाले बाहेर जा लागते. बेटावर ढग हायेत." बेटही त्यांनी मुद्दाम नकाशात बोटाखाली झाकलं जाईल एवढंच निवडलंय. मोठ्या बेटावर उतरलं की गावच वाटतं, मग एवढ्या लांब जायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. तिकडचा तांदूळ कसा शिजतो कोणास ठाऊक, म्हणून घरच्या चिन्नोरची पिशवी दर हंगामाला नव्याने भरून ठेवतात. पहिल्यांदा कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून तिथल्या लॉजवाल्याच्या बायकोसाठी आंधळगावच्या कोशाचं रेशमी कापड घेऊन झालंय. लॉजवाल्याचं लग्न झालंय की नाही, हे त्यांनी कापड घेतल्यावर एजंटाला विचारलं.

हा एजंट नागपूरचा, सोशिक गृहस्थ. त्याला साडूंचा पहिलाच प्रश्न असा की, तिकडचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं? आम्ही तलावांच्या मुलखातली माणसं. वैशाखात तळं खाली जातं, मधली माती उघडी पडते, पोरं तिच्यावर खेळतात, हे आम्ही जन्मापासून पाहत आलो. तेव्हा मे महिन्यात समुद्रही जरा उतरलेला असेल, बायकामाणसांना बरं पडेल, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. समुद्र आटत नाही, असं एजंटाने परोपरीने सांगितलं. फोन ठेवल्यावर साडू मला म्हणाले, "नागपूरचा माणूस हाय. त्याले पाण्याचं काय मालूम." पुढे कधीतरी त्यांनी ते मान्य केलं, पण समुद्रावर उपकार केल्यासारखं. पाणी उतरतच नसेल तर गरमीत कायले मरायचं, धान घरात आलं की निघू, असं ठरलं.

निघायला अडचण एकच होती, आणि ती मी होतो. आमच्याशिवाय जायला साडू तयार नव्हते. "सासरा एक, मंग समुद्र दोन कायले?" असं ते विचारत. आणि मी प्रत्येक वेळी सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गुडघ्यांवर ढकलून मोकळा होत असे. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. पाण्याची भीती मला वाटते. वैनगंगेचा पूल आला की मी एसटीत डोळे मिटून बसतो, तिथे बोट आणि समुद्र कुठला. मी मुळात कमी बोलणारा. हे तर तोंडातून निघतच नव्हतं. आंधळगावला गेलो की सुनंदा माझ्यासाठी लंगडायची. घाईत कधी डावा पाय धरायची, कधी उजवा. साडूंना वाटलं, दुखणं पसरत चाललंय. मग त्यांनी पायऱ्या नसलेला लॉज शोधायला लावला, कुठकुठून तेलं आणली, पाळीवरून थकून येऊन एजंटाशी तासन्‌तास एकाच गोष्टीवर बोलत राहिले: आमच्या सुनंदाला बोटीत कसं चढवाल? ते ऐकताना माझा चहा कपातच निवत असे.

यंदा दिवाळीला त्यांनी बोलावलं ते थेट गावच्या तळ्यावर. ओळखीच्या ढिवराचा, म्हणजे मासेमाऱ्याचा, डोंगा मागून आणला होता. बोटीची सवय व्हावी म्हणून सगळ्यांनी सामानासकट बसून पाहायचं. डोंग्याच्या मधोमध सुनंदासाठी प्लास्टिकची खुर्ची सुतळीने बांधलेली. एजंटाला त्याच संध्याकाळी नावं कळवायची होती, नाहीतर जागा जाणार होत्या. साडू वाकून सुतळीची गाठ पुन्हापुन्हा ओढून पाहत होते. माझ्याच्याने ते बघवेना. तळ्याच्या काठावर उभ्याउभ्याच मी म्हणालो, "भाऊ, तिचे गुडघे चांगले हायेत. भेव मले लागते. पाण्याचं."

ते हळूच सरळ झाले. माझ्याकडे न बघता आधी सुनंदाच्या पायांकडे बघितलं.

"मंग तू लंगडत काहून होतीस, बाई?"

"काय करू, जिजाजी," सुनंदा म्हणाली, "नवऱ्याचं भेव बायकोच्याच गुडघ्यात जाते."

माझी मेहुणी पदरात तोंड घालून हसायला लागली. साडू हसले नाहीत. म्हणाले, "मले सांगाचं होतं, साडभाऊ. मी उगाच तिच्या पायावर तेल वाया घालवलं." मग हात पुढे केला. "बेटावर पाण्यात उतरू नका. काठावर बसून आमचे कपडे सांभाळा. कोणीतरी लागतेच."

खुर्चीत मी बसलो. डोळे घट्ट मिटलेले, साडूंचं मनगट हातात. ढिवराने डोंगा लोटला. दुसऱ्या हाताने साडूंनी फोन लावला असावा, कारण चार नावं सांगितल्याचं मी ऐकलं. त्यात माझं पहिलं होतं. इतकी वर्षं जे विचारायचं सुचलं नाही ते मी तसाच मिटल्या डोळ्यांनी विचारलं, की भाऊ, बेटच काहून?

"असं काही नाही," ते जरा लाजल्यासारखं बोलले. "आपल्याकडे कुठंही उभं राहा, पाण्याच्या पल्याड कोणाचं तरी वावर दिसतेच. एकदा पल्याडचा काठ नसलेलं पाणी पाहाचं हाय."

मी डोळे उघडले. तळं काही मोठं नव्हतं. समोर पिवळं पडलेलं धान स्पष्ट दिसत होतं, बांधावरचं मोहाचं झाड दिसत होतं. साडू मात्र डोळे बारीक करून, काठ पुसला जाईल इतके बारीक करून, समोर बघत होते. मनगट न सोडता मीही तसंच करून पाहिलं. क्षणभर धान गेलं, झाड गेलं. नुसतं पाणीच पाणी राहिलं, आणि मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही.