पाटलांचा रोजनामचा
जालन्याहून निघालेली एस.टी. वाटूरच्या अलीकडे पंक्चर झाली, आणि चाक बदलेपर्यंत थांबवेना म्हणून मी पायीच निघालो. शब्दकोशाच्या कचेरीत ‘रोजनामचा’ या शब्दावर टिपण द्यायचं होतं. शब्द फारसी, रोज म्हणजे दिवस, नामचा म्हणजे छोटीशी वही. एवढं पुण्यात बसूनही लिहिता आलं असतं. पण इकडच्या एका म्हाताऱ्या पोलीस पाटलांकडे निजामाच्या वेळच्या वह्या आहेत असं कळल्यापासून माझं बूड एका जागी ठरत नव्हतं.

फाट्यावर घाईघाईत भजी खाऊन जीभ पोळून घेतली आणि भर उन्हात कोसभर आतलं गाव गाठलं.

पाटील ओसरीवर बसले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेजारी शाळेतल्या सुमनबाई, मांडीवर उर्दूत लिहिलेली जुनी वही घेऊन. मला उर्दू येतं म्हटल्यावर बाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

“साहेब, जल्दी बघा. ह्या साली पटकीची, कॉलराची साथ आल्ती, त्यात माझी आई गेली. मी चार वर्साची. दरसाल बुद्धवंदना घेतो आम्ही, पण तिचा दिवसच ठाऊक न्हाई.”

मी अधाशासारखी पानं उलटत सुटलो. प्रत्येक नोंदीची सुरुवात एकच: ‘किसन येसकराने वर्दी (खबर) दिली.’ येसकर म्हणजे वेशीचा राखणदार, रोजची खबर पाटलांना देणारा. पुढे कुणाचा जन्म, कुणाचं मरण, कुणाचा बैल चुकलेला. मेहर महिन्याच्या (साधारण ऑगस्ट) सात तारखेला मात्र नुसतं ‘गावात खैरियत’. किती नेटका दाखला! तो उतरवून घेतला आणि पुढे गेलो.

वही संपली. मरणाच्या साऱ्या नोंदी वाचून दाखवल्या, त्यांत बाईंची आई कुठेच नव्हती. बाईंचे डोळे भरून आले.

“पाटील, तुम्ही लिवलंच न्हाई?”

“किसन सांगायचा ते लिवायचो, बाई. तो आला न्हाई तर खैरियत लिवायचो. दिवस कोरा सोडायचा हुकूम नव्हता.”

बाईंनी डोळे पुसले. “किसन माझा बाप. म्हणायचा, जन्मात एकदाच वर्दी चुकवली. साहेब, कोणत्या दिवशी त्याचं नाव न्हाई, बघा बरं.”

मला वही उघडावी लागली नाही. मी तारीख सांगितली. बाईंनी ती दोनदा माझ्याकडून वदवून घेतली.

पाटील म्हणाले, “आईचं नाव काय व्हतं, बाई?”

“काशी.”

परतीच्या गाडीत जागा असूनही मला बसवेना. पाटलांचा राग आला होता, तो जालन्यापर्यंतही टिकला नाही. काशीबाईंच्या मरणाचा दिवस वाचून खूश होणारा मीच होतो.