पालकाचे नाव

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजही नाही. या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो, आणि वाचताना मनातल्या मनात लिहिणाऱ्याची चूक शोधत असतो… कुठे झोप झालेली नव्हती, कुठे अंगात ताप होता, कुठे आठवणीने मागाहून भर घातली. पुढे जे लिहितो आहे त्यातही मी चाळीस वर्षं चूक शोधतो आहे. एक सापडली. ती माझीच आहे. पण तिने काहीच उलगडत नाही.

हे सगळ्यात आधी माझ्या वहिनीला सांगायला हवं होतं. ते उशिरा का होईना, सांगून झालं. आता ती नाही, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी पुण्यात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं घर धायरीचं. तेव्हा धायरी हे गाव होतं; सिंहगड रोडवर बसमधून उतरलं की पुढे शेतंच लागायची. वडील मी सातवीत असताना गेले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला भाऊ, दत्तात्रय, म्हणजे आमचा दादा, त्याने मला वाढवलं. तो मेथी-कोथिंबीर लावायचा, पहाटेच्या टेम्पोने मार्केट यार्डात माल घालायचा, आणि परतीच्या वाटेवर कधीमधी हॉस्टेलच्या दारात येऊन मला हाक मारायचा. वर खोलीत मात्र कधी आला नाही. "पायाला चिखल हाय," म्हणायचा.

कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर 'पालकाचे नाव' असा एक रकाना असे. त्यात मी दादाचं नाव लिहायचो. पाच वर्षांत इतक्या वेळा लिहिलं होतं की पेन टेकवलं की हात आपोआप तिकडे वळायचा. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढच्या गोष्टीत हाच मुद्दा आहे.

पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाच्या टोकाला ईसीजीची खोली होती. एक कॉट, एक पडदा, आणि लाकडी पेटीतलं मशीन. आजच्यासारखा बटण दाबताच नावासकट कागद बाहेर पडत नसे. हातापायांना पट्ट्यांनी धातूच्या चकत्या बांधायच्या, खाली जेली लावायची. छातीवर रबरी बल्ब दाबून चिकटवायचा, आणि तोच उचलून सहा जागी फिरवायचा. गरम सुई कागदाच्या पट्टीवर रेषा काढत जायची. कोणती रेषा कुठली, हे आपण पेनाने लिहायचं. आणि पट्टी फाडण्याआधी रुग्णाचं नाव आणि वय लिहायचं, कारण ईसीजीवरून माणूस ओळखता येत नाही.

आम्ही विद्यार्थी दुपारी अडीचच्या सुमारास, वॉर्ड जरा शांत झाला की, एकमेकांवर सराव करायचो. याला परवानगी नव्हती, कागद मोजका यायचा. म्हणून सरावाच्या पट्टीवर खोटं नाव लिहायची आमच्यात पद्धत होती. आमच्या मेसच्या आचाऱ्याला त्या वर्षी निदान दहा वेळा छातीत दुखून आलं होतं… कागदोपत्री.

त्या मंगळवारी माझा मित्र इक्बाल कॉटवर होता. हा मंडईजवळचा, घरात दोन पिढ्यांचा पुस्तकबांधणीचा धंदा. मी फारसा न बोलणारा, तो माझ्या वाट्याचंही बोलणारा.

"जेली गार आहे रे. जिवंत माणूस आहे मी, अ‍ॅनाटॉमीतला मुडदा नाही."

"हलू नकोस. रेषा थरथरते."

"गुदगुल्या करशील तर थरथरणारच."

मी छातीवरच्या रेषा काढत होतो. चौथ्या जागी, व्ही-फोरला, बल्ब निसटला. सुई एकदम वर उडाली, खाली आली. मी बल्ब पुन्हा दाबला आणि पुढे गेलो. माझं लक्ष बल्ब आणि पेन यांच्यातच होतं. रेषा काय सांगते आहे हे मी पाहिलंच नाही. नवशिक्याचं असंच होतं.

पट्टी पुरी झाली तेवढ्यात दार उघडलं. वॉर्डच्या साळवी सिस्टर.

"कोणाची पट्टी?"

"पेशंटची…" मी म्हटलं. इक्बाल पडद्यामागे शर्ट शोधत होता.

"नाव दिसत नाही. म्हणजे हृदय आलंय, माणूस यायचाय. वा! लिहा की डॉक्टर, का मी लिहू?"

माझा हात कागदावर टेकला आणि त्याने दादाचं पूर्ण नाव लिहिलं. वय सदतीस. आचारी सुचला नाही. बाईंनी पट्टी माझ्या हातून घेतली आणि वाचायच्या ट्रेमध्ये ठेवायला निघून गेल्या.

दहा मिनिटांत आमचे रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डचे निवासी डॉक्टर, जवळजवळ धावतच आले. पट्टी त्यांच्या हातात होती.

"ही तू काढलीस? वाच."

मी शिकवल्याप्रमाणे वाचायला लागलो. गती एकशेदहा. लय नियमित. दिशा ठीक. आणि मग छातीवरच्या रेषांशी आलो. एरवी ठोका पडून गेला की रेषा आपल्या जागी खाली येते. इथे ती खाली येतच नव्हती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जागी ती घुमटासारखी वर तरंगत होती. पुस्तकात पानभर छापतात तसं चित्र.

"निदान?"

"हृदयाच्या पुढच्या भिंतीला अ‍ॅटॅक, सर. मोठा."

"आणि हा पेशंट कुठे आहे? कुठल्या बेडवर आहे हा दत्तात्रय?"

मला खरं सांगावं लागलं. त्यांनी जे ऐकवलं ते लिहीत नाही. पण नंतर त्यांनी इक्बालला पुन्हा झोपवलं आणि स्वतःच्या हातांनी ईसीजी काढला. अगदी व्यवस्थित. पुन्हा काढला. व्यवस्थित. हातांच्या चकत्या मुद्दाम उलट बांधून पाहिल्या. रेषा उलटी झाली, पण घुमट आला नाही. मग त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. तसा एकही माणूस वॉर्डात नव्हता, आदल्या दिवशीही नव्हता.

"मशीन तापलं असेल," ते म्हणाले. त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही. जाताना पट्टी माझ्या हातात देऊन थबकले आणि म्हणाले, "कोण आहे हा दत्तात्रय?"

"माझा भाऊ, सर."

"तब्येत?"

"उत्तम आहे, सर."

"मग एकदा काढून टाक की त्याचा. तुझं तरी समाधान."

मी त्याच संध्याकाळी धायरीची बस धरली. दादा ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता.

"का रं? मधल्या वारी कसा काय? नापास झाला का काय?"

"नाही. परीक्षेच्या सरावाला एक माणूस पाहिजे. गुरुवारी मार्केट यार्डातून येशील का?"

"आन् काय करणार माझं? फाडणार?"

"अहो, काय बोलता!" वहिनी आतून म्हणाली.

"अगं, आजवर मी त्येला शिकवला. आता माझ्यावर शिकतोय. चालायचंच."

मी हसलो. त्याचा रंग, श्वास, ओट्याची पायरी चढताना छातीवर हात जातो का, हे सगळं हळूच पाहत होतो. काहीही नव्हतं.

गुरुवारी तो आला. पाय धुऊन आला होता. मी ईसीजी काढला. बल्ब मी इक्बालला धरायला लावला. पट्टी स्वच्छ, निरोगी. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग ती खाच दिसली. एका पायाच्या रेषेत, वर चढताना, प्रत्येक ठोक्याला एक बारीक खाच. विळ्याच्या पात्याला पडते तशी. मंगळवारच्या पट्टीत त्याच रेषेत, त्याच उंचीवर तीच खाच होती. इक्बालच्या पट्ट्यांमध्ये नव्हती.

मी दोन्ही पट्ट्या रजिस्ट्रारना दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"अशी खाच पुष्कळांना असते," ते म्हणाले. "दोन्हींवर नाव एकच आहे, म्हणून तुला माणूसही एकच दिसतो."

"दोन दिवस ठेवून घेऊया, सर?"

"कशासाठी? काय लिहू केसपेपरवर? भावाने चुकून नाव लिहिलं?"

त्यांचं बरोबर होतं. व्हरांड्यात दादा टोपी हातात घेऊन थांबला होता. "पास झालास का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

इक्बाल त्या रात्री मला म्हणाला, "सांग दादांना. हसतील, शिव्या देतील, पण सांग. निदान छातीत काही वाटलं तर बसून राहणार नाहीत."

मी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की ते नाव मीच लिहिलं. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा ती पट्टी म्हणजे रोगनिदान वाटतच नव्हती. मी हाताने काहीतरी करून बसलो आहे, असं वाटत होतं. मी ती खोडूनही पाहिली. नावावर काट मारली, वर आचाऱ्याचं नाव लिहिलं… आणि मग भयंकर लाज वाटली. मरणाला दुसऱ्या कुणाचं तरी घर दाखवल्यासारखं. तेही खोडलं. त्यानंतर मला झोप लागेना. पट्टी पुस्तकात ठेवली तर ते पुस्तक उघडवेना. वॉर्डात कुणाचाही ईसीजी काढायला गेलो की आधी ती खाच शोधायचो, आणि नाव लिहायची वेळ आली की पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचो.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी हॉस्टेलच्या नळावर कपडे धूत होतो. इक्बालची त्या दिवशी अपघात विभागात ड्यूटी होती. तो जिन्यावरून वर आला आणि त्याने नळ बंद केला.

दादाला पहाटे घरीच छातीत कळ आली होती. अपचन म्हणून तो दोन तास ओट्यावर बसून राहिला. जुड्या बांधल्या. मग टेम्पोत माल चढवताना कोसळला. टेम्पोवाल्याने त्याला मालासकट आमच्याकडेच आणलं. इक्बालने ईसीजी काढला, रजिस्ट्रार आले, जे त्या काळी करता यायचं ते सगळं केलं. वीस मिनिटं.

विधी उरकल्यावर मी कॉलेजात परतलो तेव्हा इक्बालने ती पट्टी मला दिली. द्यायची नव्हती त्याला, मी मागितली. खोलीचं दार लावून आम्ही दोन्ही पट्ट्या टेबलावर एकाखाली एक ठेवल्या. गती एकशेदहा. तीच खाच. तेच घुमट, त्याच जागी. तेवढं असतं तरी मी आज काहीतरी तर्क मांडला असता.

"हे बघ," इक्बाल म्हणाला. त्याचं बोट व्ही-फोरवर होतं. "इथे माझ्याकडून बल्ब निसटला. घाम होता त्यांना. मी परत दाबला."

सुई वर उडालेली, खाली आलेली. मंगळवारच्या पट्टीत माझ्याकडून निसटला होता त्याच ठोक्यानंतर. आम्ही एक पट्टी दुसरीवर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरली. दोन रेषा नव्हत्या. एकच होती.

इक्बालने पट्ट्या खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन साबणाने हात धुतले. पुढे तो चांगला सर्जन झाला. या विषयावर तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि मीही काढला नाही. मी ईसीजीचा संबंध येणार नाही अशी शाखा निवडली, शिकवत राहिलो. त्या पट्ट्या अजून आहेत. रेषा फिक्या होत गेल्या आहेत, पेनाने लिहिलेलं आणि खोडलेलं मात्र स्पष्ट वाचता येतं.

मशीनमध्ये बिघाड होता का? तेच मशीन पुढे चार वर्षं बिनतक्रार चाललं. मी आठवणीत फेरफार केला का? पट्ट्या समोर आहेत. मी त्या दिवशी एक पट्टी वाचली की लिहिली, हे मला ठरवता येत नाही. भीती त्याचीच वाटते, अजून.

वहिनीला मी हे तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. धायरीच्याच घरात; आता तिथे भोवती सगळ्या इमारती आहेत. सांगितलं नाही तर ती न ऐकताच जाईल, एवढाच विचार होता. खरं तर मला माफी हवी होती. मी अगदी सावकाश, साध्या शब्दांत सगळं सांगितलं. मंगळवार, सिस्टर, नाव, गुरुवार, आणि मी न बोलता काढलेले ते दहा दिवस. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, ती म्हणेल, तुमचा काय दोष. किंवा, आधी का नाही सांगितलं.

तिने डोळे उघडले. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारल्यासारखं विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं नाव न्हाई सुचलं व्हय, भावजी?"

तिने उत्तराची वाट पाहिली, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळली.