व्याह्यांचा लाल शेरा

गेल्या सहा वर्षांत जगभरच्या शास्त्रज्ञांनी जे जे शोध लावले, ते सगळे माझ्या व्याह्यांनी डोंबिवलीत बसून नापास केले आहेत. मधुमेह मुळासकट घालवणारं औषध, कॉफीने ठणठणीत राहणारं हृदय, मूठभर अक्रोड खाऊन तल्लख झालेला मेंदू, यातलं काहीही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. माणूस सज्जन आहे, निर्व्यसनी आहे, माझ्या मुलीला स्वतःच्या मुलीसारखं वागवतो, आणि त्याच्याइतका ताप मला आजवर कुणीही दिलेला नाही.

सगळी नोकरी त्यांनी मानपाड्याच्या बाजूला रसायनांच्या एका कारखान्यात केली. तिथल्या प्रयोगशाळेत माल तपासायचा आणि पास की नापास ते लाल शाईने लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माल यायचा बंद झाला, पण पेपर येत राहिला. तेव्हापासून आरोग्याची आणि विज्ञानाची प्रत्येक बातमी ते लाल पेन हातात घेऊनच वाचतात. समासात तीन प्रश्न ठरलेले: कुणावर? किती जणांवर? कशाच्या तुलनेत? तिन्हींची उत्तरं बातमीत सापडली नाहीत की खाली शेरा, 'नापास'. त्यांच्या घरी पेपर उघडला की सगळ्या पानाला गोवर आलेला असतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलवर हळद लागत होती. गुरुजी सहज म्हणाले, "हळदीचे गुण आता सायन्सनेसुद्धा मान्य केलेत." त्यावर नवऱ्या मुलाच्या वडिलांनी पुढे सरकून विचारलं, "काचेच्या नळीत की माणसात?" गुरुजींना उभ्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मग खाल्लेल्या हळदीतला गुणकारी भाग रक्तात किती थोडा उतरतो, हे व्याह्यांनी त्यांना सविस्तर समजावलं. तेवढा वेळ जावई अर्धा पिवळा होऊन पाटावर बसून होता. शेवटी माझ्या बहिणीने पुढे होऊन दुसऱ्या गालाला हळद लावली.

याच बहिणीने एकदा पेपरात वाचलं की लोणच्याने कुठल्याशा आजाराचा धोका दुप्पट होतो, आणि बरणी मोलकरणीला देऊन टाकली. व्याही म्हणाले, "दुप्पट कशाच्या? हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच." बहीण महिनाभर लोणच्यासाठी हळहळली, आणि राग मात्र माझ्यावर काढला. दसऱ्याला ते आमच्याकडे कळव्याला जेवायला आले, तेव्हा कुणीतरी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय काढला. तो काढणारा आता आमच्याकडे येत नाही. "भूक लागते पोटाला, पण पुरे झालं हे कळायला लागतं मेंदूला," व्याही सांगू लागले. "हे औषध म्हणजे मेंदूला आधीच धाडलेला 'पुरे' असा निरोप. शिवाय अन्न पोटातून पुढे सरकतं तेही सावकाश." इथवर ठीक होतं. मग ते मळमळीकडे वळले, आणि प्रकार किती, सुरू कधी होते, टिकते किती, यातलं काहीही त्यांनी वगळलं नाही. इंजेक्शन न घेताच सगळ्यांची भूक मेली. श्रीखंडाचं पातेलं होतं तसं आत गेलं.

मी या सगळ्याला काय म्हणायचो? काही नाही. मी मुलीचा बाप. आमच्या पिढीत मुलीच्या सासऱ्याचं बोलणं तोडत नाहीत. सकाळी सव्वासातला त्यांचा फोन यायचा, "व्याहीबुवा, तिसऱ्या पानावरची बातमी वाचलीत?" मी अर्ध्या गालाला साबण लावून "वा, अगदी बरोबर" म्हणत राहायचो आणि मनात भाजीची यादी करायचो. समोर बसले की मान हलवायचो. सहा वर्षं अशी मान हलवल्याचा परिणाम असा झाला की त्यांनी मला स्वतःच्या बरोबरीचा अभ्यासू ठरवून टाकलं. नातेवाइकांतही ते सांगत, "यांना विज्ञानाची फार आवड." माझ्या अंगावर काटा यायचा, पण खोडून काढणार कसं?

मागच्या वर्षी माझ्या बायकोच्या उजव्या हातातला कप बशीवर खडखडायला लागला. आधी आम्ही थकवा म्हणालो. ठाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, गोळ्या दिल्या, आणि हा आजार आटोक्यात ठेवता येतो, जात नाही, असंही सांगितलं. पुढचं मी ऐकलंच नाही. त्यानंतर मी पेपर वेगळ्याच नजरेने वाचू लागलो. एका सकाळी ठळक मथळा दिसला, कंपवात मुळापासून थांबवणारं औषध सापडलं. मी तो कापला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि चार दिवस तसाच बाळगला. रविवारी व्याही आले. बायको आत चहा टाकत होती. मी कात्रण त्यांच्यापुढे धरलं. सहा वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्यांनी 'पास' म्हणावं एवढीच माझी इच्छा होती.

त्यांनी सवयीने पेन उघडलं. "हे उंदरांवर आहे," ते म्हणाले. "उंदराला हा आजार आपणहून होत नाही, प्रयोगासाठी मुद्दाम आणावा लागतो. तो बरा झाला म्हणजे माणूस होईलच असं नाही. माणसांवरच्या चाचण्यांना पुढे कैक वर्षं लागतील, आणि बहुतेक औषधं तिथेच गळतात. अर्थात हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणकार."

माझा तोल गेला. "मी कसला जाणकार? तुम्ही काय बोलता त्यातलं एक अक्षर मी कधी ऐकलेलं नाही. मुलीचा बाप म्हणून मान हलवत होतो. हिला बरं वाटेल एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता येत नाही का?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, दोन वेळा लावलं, कारण पहिल्यांदा ते नीट बसलं नाही. चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला तो मुलीचा. "बाबा, पप्पा तिथून आलेत तेव्हापासून गप्प बसलेत. पेपरला हात पण नाही लावला. तुम्ही काय बोललात त्यांना?" मी विषय बदलला. मला लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता.

आठवड्याने बायकोनेच त्यांना फोन लावला, माझ्यासमोर. "तुम्ही यांच्याशी बोलत होतात ना, ते स्वयंपाकघरातून मी ऐकत होते," ती म्हणाली. "सगळे मला म्हणतात, काही होणार नाही. होतंय ते तर मला दिसतंय. तुम्ही या, आणि काय होतंय ते मला नीट सांगा."

गुरुवारी ते आले, पण खुर्चीच्या कडेवर बसले. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं: मेंदूतल्या कुठल्या पेशी कमी होतात, गोळी त्यांचं काम कसं आणि किती वेळ चालवते. मीही ऐकलं, पहिल्यांदाच. मग ती म्हणाली, "माझा हात किती वर्षं साथ देईल?" व्याही म्हणाले, "विहीणबाई, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही." तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "बरं झालं, एकाने तरी सरळ सांगितलं."

त्यानंतर ते दर गुरुवारी येऊ लागले. पहिल्याच खेपेला एक वही आणली. गोळी किती वाजता घेतली, हात कधी स्थिर झाला, पुन्हा कधी थरथरला, हे तिने रोज सांगायचं, मी लिहायचं आणि त्यांनी तपासायचं. माझ्या नोंदी त्यांनी तीनदा पुन्हा लिहायला लावल्या, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं. डॉक्टरांनी मात्र वही शेवटपर्यंत वाचली आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. तेव्हापासून सकाळचे दीड-दोन तास हात तिचा असतो. त्या वेळात ती चिरते, शिवते, कुणाला मध्ये येऊ देत नाही.

परवाच्या गुरुवारी तिने त्यांना विचारलं, "वही बघून सांगा. माझा सकाळचा वेळ कमी झालाय का?" मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होतो. त्यांनी पानं मागे-पुढे केली, बोटांवर हिशेब केला. "हो," ते म्हणाले. "सहा महिन्यांत वीसेक मिनिटांनी."

तिने वही मिटली. मग उठली आणि म्हणाली, "अजून अर्धा तास आहे. पोहे टाकते." आम्ही दोघे बाहेर बसलो. आतून कढईचा आवाज येत होता, एकदा डबा पडल्याचाही आला. मी उठायला लागलो, तर व्याह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला बसवलं.

पोहे आले. मिठाचा हात जड पडला होता, इतका की पहिला घास माझ्या घशाखाली उतरेना. ती दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. "कसे झालेत?" तिने विचारलं, मला नाही, त्यांना.

व्याह्यांनी सावकाश घास चावला. मग बशी पुढे केली. "उत्तम झालेत," ते म्हणाले, "आणखी थोडे वाढा."