पोट सांभाळणाऱ्यांची पोटं

पोटाचं ज्ञान विकणाऱ्या ऑफिसात काम केलं की पोटाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, बद्धकोष्ठासारखे.

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कंपनीचं ॲप लोकांना पचन शिकवतं. मी त्याचा मराठी मजकूर लिहिते, मोहन व्हिडिओ एडिट करतो. मोहन बनशंकरीचा, पिढ्यान्‌पिढ्या इथंच कानडी मुलखात मुरलेला मराठी माणूस, बोलताना मध्येच कानडी शब्द पेरणारा. मला अक्का म्हणतो. आणि या सगळ्यावर आमचे फाउंडर सर.

*

माझा पहिला लेख होता, ‘पचन तोंडातच सुरू होतं. घास सावकाश चावा, लाळ मिसळू द्या.’ सर म्हणाले, "सुंदर! मनापासून लिहिलंय."

लेख त्यांना लगेच हवा होता, म्हणून मी चहात बुडवलेली बिस्किटं न चावता गिळत तो लिहिला होता.

*

आमची मीटिंग रोज जेवणाच्या वेळेला. का, तर "तेव्हाच सगळे मोकळे असतात."

मोहनची आई पहाटे उठून ज्वारीची भाकरी करून द्यायची. डबा भरलेला परत गेला तर तिला वाईट वाटेल, म्हणून तो संध्याकाळी भाकरी कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घालायचा. त्या कुत्र्याचं पचन आजही उत्तम आहे.

*

‘शौचाचा वेग कधीही दाबू नका’ हा आमचा गाजलेला व्हिडिओ. तो ज्या दिवशी आला, त्याच दिवशी एचआरनं सगळ्यांना मेसेज केला, "कामाच्या वेळात वॉशरूमला वारंवार जाणं टाळावं."

मेसेजला पहिला अंगठा सरांचा.

*

स्क्रीनकडे बघून मोहनचं डोकं दुखायचं. मग तो उपाशीपोटी पेनकिलर घ्यायचा आणि पोट धरून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "स्वल्प जळजळतंय अक्का, एवढंच."

शेवटी त्यानं डॉक्टरला दाखवायला सुट्टी मागितली. सर म्हणाले, "अरे, आपल्याच ॲपवर विचार की!"

त्यानं विचारलं. ॲपनं कळवलं, "आपला प्रश्न आमच्या तज्ज्ञांकडे पाठवला आहे." तज्ज्ञ म्हणजे मी. मी लिहिलं, "ताबडतोब डॉक्टरांना दाखवा." शेजारच्या खुर्चीत मोहननं ते वाचलं आणि माझ्याकडे बघून हसला. सुट्टी मिळाली नाही. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

*

पुढच्या आठवड्यात मोहन ऑफिसातच कोसळला. शौचाला काळं होत होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. अल्सरमधून रक्त जात होतं. दुर्बीण घालून तपासलं, उपचार झाले, वाचला.

सर फळं घेऊन हॉस्पिटलात भेटायला आले. थोडं इकडचं तिकडचं बोलून डॉक्टर बाईंना म्हणाले, "आतला व्हिडिओ मिळेल का? आमच्या ॲपला फार उपयोगी पडेल."

बाईंनी मोहनकडे पाहिलं. तो म्हणाला, "घ्या सर."

बाईंनी व्हिडिओ दिला, वर त्यात स्वतःच्या आवाजात सगळं समजावून रेकॉर्डही करून दिलं. हे जठराचं अस्तर, ही जखम, उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी हे असं होतं. शेवटी म्हणाल्या, "जखम भरेल. पण ऑफिसवाल्यांनी याला दुपारी जेवू द्यावं."

मोहन कामावर परतला तेव्हा पहिलं काम तेच होतं. स्क्रीनवर त्याचंच पोट, मागे सर उभे.

"एकदम मस्त झालंय! फक्त ते शेवटचं वाक्य काढ. जरा निगेटिव्ह वाटतं."

"सरी सर, बरं," मोहन म्हणाला आणि त्यानं ते काढलं.