चार नंबरचं इंजेक्शन

मागच्या हिवाळ्यात माझी आई जवळजवळ गेलीच होती, आणि तीही स्वतःच्या आजारानं नव्हे, शेजारणीच्या औषधानं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, वाचली ना, मग सोड आता. मी सोडणार नाही.

छातीत कफ भरला म्हणून तिला तिसगावाहून नगरला आणून एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. पाट्यांवर जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी नगरच आहे. बायकांचा जनरल वॉर्ड. तिथं कोणाला नावच नव्हतं. "पाचचं सलाईन संपलं", "दोनला उलटी झाली", असा सगळा कारभार. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर आकडा रंगवलेला. त्याखाली जे माणूस झोपलंय ते म्हणजे तो आकडा. आई पाच नंबर. चार नंबरवर श्रीगोंद्याकडची एक म्हातारी होती, तिला शुगर होती आणि पायाची जखम भरत नव्हती.

आमच्याकडच्या दोन बायका शेजारी शेजारी पडल्या की आधी माहेर निघतं. यांचंही निघालं. दोघींची माहेरं पाथर्डीच्या बाजूची, शिवेला शीव लागलेली. झालं! संध्याकाळपर्यंत आई तिला अक्का म्हणायला लागली. चार नंबरची खाट खिडकीपाशी होती आणि आईला धाप लागली की वारं हवं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच म्हणाल्या, "तू ये इकडं. मला ह्यो गारठा सोसत न्हाई, तुला तेवढंच वारं लागंल." त्यांच्या सुनेनं आणि मी मिळून उशा, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या इकडच्या तिकडे केल्या. केर काढणाऱ्या मावशींनी उलट हातभार लावला. माहेरच्या बाईनं मायेनं जागा दिली, यात कोणाला वावगं दिसणार?

दुपारच्या जेवणाआधी सिस्टर आली. पोरसवदाच होती, आणि सगळ्या वॉर्डाला ती एकटी. चार नंबरला इन्सुलिन द्यायचं होतं, म्हणून तिनं चार नंबरवरच्या बाईच्या दंडात ते दिलं. आईला वाटलं, आपलंच असेल. तिला शुगर कधीच नव्हती, आणि तोंडाला चव नाही म्हणून सकाळपासून चहाखेरीज तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. "गाय सोडली का कुनी?" असं काहीतरी बोलली आणि मग मला ओळखेना. मी किंचाळले. सिस्टर धावत आली. तिनं आईकडे पाहिलं, मग पाच नंबरवर बसलेल्या अक्कांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा तिला गप्प बसता आलं असतं. म्हातारं माणूस, त्यात आजारी, कोणाला काय कळणार होतं? पण ती दारातूनच ओरडली, "सर, माझ्याकडून चुकलं! चारचं इन्सुलिन यांना गेलं!" त्यामुळे डॉक्टरांना काय झालंय ते शोधत बसावं लागलं नाही. लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि आईनं डोळे उघडले. माझी आई त्या पोरीच्या बोलण्यामुळे वाचली.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, माफी मागतील.

"मॅडम, खाटा तुम्ही बदलल्यात. आमच्या स्टाफचा काही दोष नाही. तरी त्या मुलीला आम्ही काढून टाकलंय. आता तर समाधान झालं?"

दोष नाही म्हणून काढून टाकली! मी म्हटलं, "तिला काढा असं मी कधी म्हटलं? सुई टोचण्याआधी माणसाला नाव विचारायची पद्धत नाही तुमच्याकडे. ती पद्धत पाडा. आणि झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवा." ते समजूतदारपणे हसले. असल्या हसण्याची मला शिसारी आहे.

तोवर गावाकडून चुलतभाऊ जीपभर माणसं घेऊन हजर. "ताई, तू निस्ती व्हय म्हन, एक काच ठेवत न्हाई!" मला त्याचाही तितकाच संताप आला. डॉक्टर तिला घरी बसवणार, हे तिला मारायला धावणार, आणि दोघंही मिशीवर ताव देऊन न्याय केला म्हणणार. मी त्याला दम भरून परत लावून दिला.

मग काउंटरवर लेखी द्यायला गेले. तिथला माणूस म्हणाला, "कोणाविरुद्ध?"

"कोणाविरुद्ध नाही. काय झालं ते सांगायचंय, पुन्हा होऊ नये म्हणून."

"मग ती तक्रार कशी होईल मॅडम?" तो खरंच गोंधळला होता. चूक सांगायची तर आधी गुन्हेगार द्या, नाहीतर सांगूच नका, असा तिथला शिरस्ता!

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती उठून बसली. "ती बोलली म्हनून मी हाय. आन् तिलाच घालवली? लाज कशी वाटत न्हाई ह्यांला?" तिला त्या पोरीला भेटायचं होतं. पण ती कुठली, कुठं गेली, कोणी सांगेना.

पुढं तपासणीला पुन्हा तिथंच जावं लागलं, कारण आईच्या छातीचे फोटो, तपासण्या सगळं त्यांच्याकडेच. डॉक्टरांनी एक इंजेक्शन सांगितलं. नवी सिस्टर सुई भरून आली. मी तिचा हात अडवला आणि आईचं नाव विचारलं. तिला राग आला, पण तिनं कागद बघून नाव सांगितलं. औषधही वाचून दाखवलं. मग मी हात सोडला.

तिनं सुई काढल्यावर मी विचारलं, "समजा, चुकून दुसऱ्याचं दिलं गेलं, तर सांगाल ना?"

तिनं केबिनच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, जिनं सांगितलं ती घरी बसली. आता आमी कुनीच न्हाई सांगत."

आई दंडावर कापूस दाबून धरून बसली होती. तिनंही ते ऐकलं.