श्री. पालकाचे नाव यांस

दुष्काळाच्या वर्षी मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत नव्यानेच शिक्षिका म्हणून लागले होते. मुलांसाठी सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा कोरडा खाऊ, येणार होती आणि पालकांनी शाळेचं पत्र दाखवून ती न्यायची होती. पत्रं छापायची सोय नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "पोरांकडूनच लिहून घ्या."

मी फळ्यावर नमुना लिहिला, "श्री. पालकाचे नाव यांस. आपला मुलगा मुलाचे नाव याची सुकडी मंजूर झाली आहे. हे पत्र घेऊन शनिवारी शाळेत यावे." उतरवून घ्या म्हटलं आणि दुसऱ्या वर्गावर गेले. नंतर न वाचताच सगळ्या पत्रांवर शिक्के मारले.

शनिवारी तालुक्याहून आलेल्या कारकुनाने रांगेतल्या पहिल्या बाईचं पत्र घेतलं. ती खडी फोडायच्या कामावरून तशीच आली होती.

"पालकाचे नाव? हे कोण?"

"आमच्या आळीत तरी ह्या नावाचं कुनी न्हाई," ती म्हणाली. "चुकून आमच्या घरी आलं आसंल."

त्याने दुसरं पत्र पाहिलं, मग तिसरं. "सगळ्या गावाचं एकच नाव आहे का हो?"

माझे कान तापले. मी मुलांना गोळा केलं, फळा व्हरांड्यात आणवला आणि 'पालकाचे नाव' आणि 'मुलाचे नाव' या शब्दांभोवती चौकटी काढल्या. "हे शब्द लिहायचे नाहीत. ही नुसती जागा आहे. इथं ज्याने त्याने आपलं नाव घालायचं."

एक मुलगी उठली. "बाई, मी मुलगा न्हाई."

खरंच की. 'आपला मुलगा'भोवती चौकट काढली, मग 'याची'भोवतीही.

"आन् माजे वडील न्हाईत. आईचं नाव घालू?" ती त्या पहिल्या बाईचीच लेक होती.

"घाल." मग 'श्री.'लाही चौकट आली. फळ्यावर आता शब्दांपेक्षा चौकटीच जास्त दिसत होत्या.

मुलांनी पत्रं पुन्हा लिहिली आणि दुपार कलेपर्यंत वाटप चाललं. कारकून कुरकुरला, पण थांबला. त्या बाईने लेकीकडून पत्र वाचून घेतलं, अंगठा उठवला, सुकडी पदरात बांधली आणि पुन्हा कामावर गेली.

पुढे कितीतरी दिवस मी फळ्यावर काही लिहिलं की मागून कुणीतरी विचारायचं, "बाई, ह्ये आसंच लिहायचं, का आमचं घालायचं?"