पाटाखालचं नाव

पॉलिश पेपरखाली लाकूड तापून करपट वास आला की माझं डोकं आजही सटकतं. लेथवर कातलेल्या लाकडी वाट्या गुळगुळीत करायला मी जुन्या ड्रिलला गोल चकती बसवून तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला होता. लालबागच्या खोलीत मी नसताना दादाने ती उचलली आणि मूर्तीच्या कारखान्यात द्यायचा आमचा गणपतीचा पाट वरून-खालून घासून चकाचक केला. तिथे दुसऱ्या कुणाच्या पाटाशी बदलू नये म्हणून बाबांनी खाली स्वतःच्या हाताने आपलं नाव रंगवलं होतं, आणि बाबा आता नव्हते. मी ओरडलो तर म्हणतो, “खाली कोण बघतंय रे? लिही ना परत!” लिहिलं. कारखान्यात दरवर्षी पाट उलटा करून बाबांचं नाव वाचतात, माझ्या अक्षरातलं, आणि मला दादाचा राग येतो. चकती मीच बनवली होती, म्हणून जास्तच येतो.